एलसीआर-टी४ कंपोनंट टेस्टर : जुन्या उपकरणांतील कपॅसिटर तपासताना आलेला तीन वर्षांचा अनुभव

जुना रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर किंवा डीव्हीडी प्लेयर दुरुस्तीसाठी उघडला की पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या घटकावर, जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी आयुष्यभर हे काम केले ते जुने कारागीर त्याला अजूनही कंडेन्सरच म्हणतात, आणि त्यांच्यातले अनेक जण नुसत्या आवाजावरून, म्हणजे घरघर कशी आहे, आवाज फाटतो कसा, सेट तापल्यावर काय बदलते, यावरून नेमका कंडेन्सर कोणता गेला असावा हे सांगतात. ते ज्ञान माझ्याकडे नाही. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मी सुमारे आठशे रुपयांना एलसीआर-टी४ या नावाने विकला जाणारा एक छोटा कंपोनंट टेस्टर घेतला आणि तेव्हापासून हाती आलेल्या प्रत्येक जुन्या उपकरणावर तो वापरला. या काळात तो कुठे उपयोगी पडला आणि कुठे त्याच्यावर विसंबणे महागात पडले असते, हे लिहिण्यासाठी हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरसाठी या पैशांत याहून चांगले साधन मला मिळालेले नाही, परंतु व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, रेडिओतील कागदी कपॅसिटरला त्याने 'ठीक' म्हटले, तर तेवढ्या आधारावर तो कपॅसिटर जागेवर ठेवू नये.

प्रथम वस्तूविषयी. या टेस्टरचे मूळ काम जर्मनीत झाले. मार्कुस फ्रेयेक यांनी एव्हीआर जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपवरच्या छोट्या संगणकावर) आधारित ट्रान्झिस्टर टेस्टर तयार केला, कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी तो पुढे बराच वाढवला आणि सगळी माहिती खुली ठेवली, त्यामुळे आज चिनी कारखान्यांतून त्याच्या असंख्य आवृत्त्या बाहेर पडतात. माझ्याकडील टेस्टरमध्ये एटीमेगा३२८ ही चिप, छोटा एलसीडी पडदा, खटका असलेले हिरवे सॉकेट आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढेच आहे. सॉकेटमध्ये घटकाचे पाय अडकवायचे, खटका खाली करायचा आणि बटण दाबायचे. घटक रेझिस्टर आहे, डायोड आहे, ट्रान्झिस्टर आहे की कपॅसिटर, हे टेस्टर स्वतःच ओळखतो. कपॅसिटर असल्यास तीन गोष्टी दाखवतो: धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, जिला आपण व्हॅल्यू म्हणतो ती, ईएसआर, म्हणजे कपॅसिटरच्या आतला मालिकेतला रोध, आणि 'व्हीलॉस', म्हणजे चार्ज केल्यावर लगेच किती टक्के व्होल्टेज गळून गेले तो आकडा. टेस्टर बहुधा डब्याविना, उघड्या सर्किट बोर्डच्या रूपातच येतो, आणि टेबलावर पडलेला सोल्डरचा थेंब किंवा वायरचा तुकडा त्याच्या पाठीला लागून शॉर्ट होऊ शकतो. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकचा डबा सोबत घ्यावा किंवा खाली निदान जाड पुठ्ठा तरी लावावा.

नवा टेस्टर घेतल्यावर पहिले काम कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्याचे मोजमाप जुळवून घेण्याचे. सॉकेटमधल्या १, २ आणि ३ या तिन्ही जागा तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडून बटण दाबले की तो स्वतःची चाचणी सुरू करतो आणि पडद्यावर सूचना आल्यावर ती तार काढून घ्यायची असते. हे न करता वापरल्यास मोठ्या कपॅसिटरचा ईएसआर काही दशांश ओहमांनी चुकू शकतो, आणि ज्या कपॅसिटरचा ईएसआर मुळातच ०.०५ ओहमच्या आसपास असायला हवा त्याच्याबाबतीत ही चूक निकालच फिरवते. लांब वायरी आणि चिमटे लावून मोजायचे असेल तर कॅलिब्रेशनही त्या वायरींसह करावे.

ईएसआरवर माझा एवढा भर का आहे, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पातळ पत्री, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. खालच्या रबरी बुचातून हा द्रव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो आणि उष्णतेने हा वेग वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणूनच हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) किंवा गरम होणाऱ्या रेझिस्टरला चिकटून बसवलेला कपॅसिटर नेहमी आधी जातो. द्रव आटू लागला की धारकता लगेच फारशी कमी होत नाही, पण ईएसआर मात्र कितीतरी पटींनी वाढतो. ज्या साध्या मल्टिमीटरमध्ये फक्त कपॅसिटर मोजण्याची सोय असते, त्याला हा फरक दिसतच नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला एका डीव्हीडी प्लेयरमध्ये मिळाले. प्लग लावला की पुढचा दिवा क्षणभर लुकलुकायचा, आतून टिक्-टिक् असा आवाज यायचा आणि पुढे काहीच व्हायचे नाही. पॉवर सप्लायमध्ये यूसी३८४२ जातीची आयसी होती. ही आयसी तिच्या पुरवठ्याच्या पिनवर सुमारे १६ व्होल्ट आले की सुरू होते आणि ते १० व्होल्टपर्यंत उतरले की बंद पडते. सुरुवातीचा तो क्षण निभावून नेण्यासाठी तिथे एक छोटा कपॅसिटर असतो, येथे तो ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा होता. वरून तो अगदी नवा वाटत होता. फुगलेला नव्हता आणि बुडाशी ओल किंवा डाग नव्हता. साध्या मीटरवर त्याची व्हॅल्यू ४१ मायक्रोफॅरड आली, म्हणजे २० टक्क्यांच्या मुभेत बसणारी. टेस्टरने मात्र ईएसआर १८ ओहम दाखवला. असा नवा कपॅसिटर साधारण एका ओहमच्या आसपास, चांगल्या प्रतीचा असल्यास त्याहून कमी दाखवतो. तो एक कपॅसिटर बदलला आणि प्लेयर सुरू झाला. या दोषाची आणखी एक खूण सांगून ठेवतो: थंड असताना ईएसआर वाढतो आणि तापल्यावर कमी होतो, म्हणून एखादे उपकरण हिवाळ्याच्या सकाळी सुरू होत नसेल आणि संशयित कपॅसिटरला हेअर ड्रायरने थोडी ऊब दिल्यावर सुरू होत असेल, तर टेस्टर हातात घेण्याआधीच निदान जवळपास झालेले असते. २००० सालानंतरच्या काही वर्षांतल्या संगणकांच्या मदरबोर्डवर दिसणारे, डोक्यावरची खाच फाटून फुगलेले कपॅसिटर तर टेस्टरशिवायच ओळखता येतात. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते.

दुसरा अनुभव १९८०च्या दशकातल्या एका ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा. डाव्या बाजूचा आवाज क्षीण आणि पोकळ येत होता. अशा वेळी सगळेच्या सगळे कपॅसिटर बदलून टाका, असा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो मला मान्य नाही. एक तर जुन्या बोर्डवरची तांब्याची पट्टी प्रत्येक डिसोल्डरिंगमध्ये उचलली जाण्याचा धोका असतो, आणि दुसरे म्हणजे तीस कपॅसिटर एकदम बदलल्यावर नवा दोष उद्भवला तर तो कुठल्या जागेवर झाला हे शोधणे अवघड होते. मी एकेक कपॅसिटर काढून मोजला. ज्यांच्यावर सर्वांचा संशय असतो ते दोन मोठे ४७०० मायक्रोफॅरडचे फिल्टर कपॅसिटर ४३०० च्या आसपास भरले, ईएसआर ०.०४ ओहम. ते आजही त्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काम करत आहेत. दोष निघाला तो डाव्या चॅनेलच्या प्रीअ‍ॅम्पमधल्या २२ मायक्रोफॅरडच्या एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये, व्हॅल्यू ४ मायक्रोफॅरड आणि ईएसआर चाळीस ओहमच्या पुढे. लहान आकाराच्या डब्यात द्रवच मुळात थोडा असतो, त्यामुळे तो लवकर आटतो. हा क्रम माहीत असेल तर तपासणीची सुरुवात मोठ्या डब्यांपासून न करता लहानांपासून करता येते. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी दिसणारा तपकिरी पदार्थ मात्र नेहमीच गळालेला इलेक्ट्रोलाइट नसतो. पुष्कळदा तो कारखान्यात लावलेला डिंक असतो. तरीही जुना होऊन काळपट झालेला डिंक वीज वाहू लागतो आणि पायांना गंज चढवतो, म्हणून तो खरवडून काढावाच.

आता या टेस्टरच्या सर्वांत मोठ्या नाजूकपणाविषयी. चार्ज असलेला कपॅसिटर लावला तर टेस्टर त्याच क्षणी मरतो, कारण चिपच्या पिना थेट सॉकेटला जोडलेल्या असतात. २३० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यानंतरही, विशेषतः सप्लाय नादुरुस्त असताना, ते बराच वेळ टिकून राहतात. माझ्या एका परिचिताचा टेस्टर याच चुकीने गेला. टेस्टर गेला तर आठशे रुपयांचे नुकसान होते, पण तोच झटका माणसाला बसला तर जिवावर बेतू शकते. स्क्रूड्रायव्हरने पाय शॉर्ट करण्याची पद्धत वाईट आहे, कारण ठिणगीने कपॅसिटरचेही नुकसान होते आणि ती डोळ्यांनाही धोकादायक असते. त्याऐवजी २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडून ठेवावा, तो काही सेकंद धरून मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच कपॅसिटर काढावा.

दुसरी मर्यादा अशी की हा टेस्टर सर्किटमध्ये लावलेल्या कपॅसिटरसाठी नाही. तो ५ व्होल्टपर्यंतच्या व्होल्टेजने मोजतो. एवढ्या व्होल्टेजने सर्किटमधले डायोड आणि ट्रान्झिस्टर चालू होतात आणि शेजारचे रेझिस्टर हिशेब बिघडवतात. निदान एक पाय सोडवावाच लागतो. रोज दहा उपकरणे हाताळणाऱ्या कारागिराला हे परवडणार नाही. त्याच्यासाठी अतिशय कमी व्होल्टेजचे स्पंद वापरणारा स्वतंत्र ईएसआर मीटरच हवा, जसा ऑस्ट्रेलियाच्या बॉब पार्कर यांनी आखलेला मीटर, जो दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये जगभर पसरला. तो बोर्डवरच ईएसआर मोजतो, पण धारकता सांगत नाही, आणि त्याची किंमत या टेस्टरच्या कित्येक पट आहे. महिन्याला एखादे उपकरण उघडणाऱ्या हौशी माणसाने पाय सोडवण्याचे कष्ट घ्यावेत, असे मला वाटते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. ती मला समजली ती आमच्या घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर.

हा रेडिओ वीसेक वर्षे माळ्यावर पडून होता. तो थेट २३० व्होल्टवर लावण्याची चूक मी केली नाही. आधी मेन्सच्या वाटेत मालिकेत जोडलेल्या ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून त्याला हळूहळू जागे केले, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर कपॅसिटर फुटू शकतो. रेडिओ लागला. आकाशवाणीचे स्टेशनही आले. परंतु दहा-पंधरा मिनिटांनी आवाज फाटू लागायचा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताला चटका बसेल इतका तापायचा. चॅसीच्या, म्हणजे सेट ज्यावर उभारलेला असतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, खाली मेण लावलेले कागदी कपॅसिटर रांगेने होते. मी ते एकेक करून सोडवले आणि टेस्टरवर लावले. ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ०.१३ भरला आणि त्याचा व्हीलॉसही वाढलेला होता, म्हणून तो बाजूला काढला. ओलावा शिरलेला कागदी कपॅसिटर छापील व्हॅल्यूपेक्षा असा जास्त भरतो आणि नवख्या माणसाला वाटते की कपॅसिटर अजून दमदार आहे. पण ट्रायोड या आधीच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून (इलेक्ट्रॉन जिथे पोहोचतात त्या पत्र्यापासून) ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (प्रवाहावर नियंत्रण ठेवणाऱ्या जाळीपर्यंत) आवाज नेणारा जो ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, तो टेस्टरने २४ नॅनोफॅरड असा दाखवला. म्हणजे जवळजवळ बरोबर. टेस्टरच्या दृष्टीने तो उत्तम होता.

मी तो परत जोडला आणि रेडिओ चालू करून ईएल८४च्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, मल्टिमीटर लावला. तिथे शून्य व्होल्ट असायला हवेत. मीटरने अधिक ३.८ व्होल्ट दाखवले. व्हॉल्व्हच्याच दोषामुळेही असे होऊ शकते, म्हणून रेडिओ बंद करून व्हॉल्व्ह काढला, पुन्हा चालू केला आणि पुन्हा मोजले. ते व्होल्टेज तसेच होते, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष होता. ग्रिडपासून चॅसीला ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे, त्यावरून गळतीचा प्रवाह सुमारे ८ मायक्रोअँपिअर आणि ट्रायोडच्या प्लेटवर ९० व्होल्ट धरल्यास कपॅसिटरचा गळतीचा रोध सुमारे १० मेगओहम येतो. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला होता की ईएल८४च्या कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाच्या) १५० ओहमच्या रेझिस्टरवर ९.५ व्होल्ट पडत होते, म्हणजे व्हॉल्व्हमधून ६३ मिलिअँपिअर वाहत होते. या व्हॉल्व्हची कॅथोड प्रवाहाची कमाल मर्यादा ६५ मिलिअँपिअर आहे आणि त्याच्या प्लेटने १२ वॅटच उष्णता सोसावी अशी अपेक्षा असते. ती १३ वॅटच्या पुढे गेली होती. हा सगळा प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जात होता. असे महिनाभर चालले असते तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता, आणि मूळ जातीचा ट्रान्सफॉर्मर आज पैसे देऊनही सहज मिळत नाही.

टेस्टरला हे का दिसले नाही, याचे उत्तर त्याच्या ५ व्होल्टमध्ये आहे. दहा मेगओहमची गळती त्याच्या मोजणीत नगण्य ठरते, आणि कागदी कपॅसिटरची गळती तर व्होल्टेज वाढते तशी आणखी वाढते. ती खऱ्या व्होल्टेजवरच पाहावी लागते. त्यासाठी महाग साधन लागत नाही. कपॅसिटरचा ग्रिडकडचा पाय सोडवायचा, तो मोकळा पाय आणि चॅसी यांच्यामध्ये डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावायचा आणि रेडिओ चालू करायचा. बहुतेक डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १० मेगओहम असतो, त्यामुळे मीटरवरचा प्रत्येक व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअर गळती. माझ्या त्या 'उत्तम' कपॅसिटरने ४५ व्होल्ट दाखवले, म्हणजे प्लेटवरच्या व्होल्टेजपैकी निम्मे पलीकडे पोहोचत होते. त्याच जागी ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावल्यावर आकडा क्षणभर वर गेला आणि मग काही मिलिव्होल्टवर स्थिरावला. ही चाचणी करताना एक हात खिशात ठेवावा आणि चिमटे सेट बंद असतानाच लावावेत. ज्या सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चॅसी थेट विजेला जोडलेली असते, त्यात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात घालू नये.

त्यानंतर मी त्या रेडिओतले सगळे कागदी कपॅसिटर, टेस्टरचे आकडे न पाहता, बदलले. इलेक्ट्रोलिटिक मोजून निवडून बदलावेत आणि मेणाचे कागदी कपॅसिटर सरसकट बदलावेत, असा माझा नियम तेव्हापासून ठरला आहे. मायका आणि सिरॅमिकना मी हात लावत नाही. मुख्य फिल्टर बदलताना मोठी व्हॅल्यू घालण्याचा मोह होतो, पण ईझेड८० या रेक्टिफायर (एसीचे डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला लागून येणारा पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडहून मोठा घालू नये, नाहीतर चार्जिंगच्या झटक्यांनी रेक्टिफायरच संपतो. मेन्सच्या दोन तारांमधला कपॅसिटर बदलायचा असेल तर एक्स२ आणि मेन्स ते चॅसी असेल तर वाय२ या सुरक्षा वर्गाचाच घ्यावा. तिथे साधा ६३० व्होल्टचा कपॅसिटर चालत नाही.

नवीन माल तपासण्यासाठीही टेस्टरचा उपयोग होतो. एका दुकानातून आणलेल्या दहा कपॅसिटरपैकी तीन, छापील १००० मायक्रोफॅरड असताना, ४०० च्या आत भरले. त्यातला एक कापून पाहिला तर मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर बसवलेला होता. घरातल्या मंदावलेल्या सीलिंग फॅनचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही यावर मोजता येतो. माझा १.४ भरला आणि बदलल्यावर पंखा पूर्ववत फिरू लागला.

तीन वर्षांत टेस्टरची तक्रार एकच आहे. जाड पाय वारंवार अडकवल्यामुळे सॉकेटची पहिली जागा सैल झाली आहे आणि तिथे ईएसआर कधीकधी अवाजवी मोठा दिसतो, म्हणून संशयास्पद आकडा आला की मी दुसऱ्या जागेवर पुन्हा मोजतो. जाड पायांसाठी आता वायरी आणि चिमटेच वापरतो. बॅटरी मात्र वर्षभर सहज टिकते, कारण मोजून झाले की तो आपोआप बंद होतो. हौशी दुरुस्ती करणाऱ्याने आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तो जरूर घ्यावा. फक्त व्हॉल्व्हच्या सेटवर काम करणार असाल, तर त्याच्याआधी १० मेगओहमचा एक चांगला डिजिटल मल्टिमीटर घ्यावा.

रेडिओतल्या ईएल८४च्या पिन २ वर आता शून्य व्होल्ट आहेत, कॅथोडवर ७.१ व्होल्ट, म्हणजे ४७ मिलिअँपिअर. दोन तास चालल्यावरही आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर हात निवांत ठेवता येतो.